तलावाची गळती आणि तिचा शोध

थेंबें थेंबें तळें सांचे, ही म्हण मराठी मुलाला अक्षरओळख होते न होते तोंच पाठ करावी लागते. संचयाचा महिमा तींत सांगितला आहे, आणि तो खोटा नाहीं. परंतु ज्या घराच्या परसांत पोहण्याचा लहानसा तलाव आहे, त्या घरच्या यजमानाला या म्हणीची दुसरी बाजूहि केव्हांना केव्हां पाहावी लागते. तळें थेंबाथेंबानें सांचतें तसें तें थेंबाथेंबानें आटतेंहि. भेद एवढाच कीं, सांचतांना तें सर्वांना दिसतें आणि आटतांना कोणाच्या लक्षांत येत नाहीं. आदल्या सकाळीं पाण्याची कड फरशीच्या ज्या रेषेला लागलेली होती, ती दुसऱ्या सकाळीं दोरीभर खालीं उतरलेली असते. ऊन फार कडक पडलें, असें म्हणून यजमान नळ सोडतो. तलाव पुन्हां कांठोकांठ भरतो, आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. वास्तविक तो तेव्हां कोठें सुरू झालेला असतो.

पाणी सांठविण्यापेक्षां सांठविलेलें पाणी राखणें अवघड आहे, हें ज्ञान फार प्राचीन आहे. सिंधु नदीच्या खोऱ्यांत मोहेंजोदडो येथें १९२५-२६ सालीं जें उत्खनन झालें, त्यांत एक मोठें स्नानकुंड उजेडांत आलें. सुमारें १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल असें हें कुंड सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या गवंड्यांनीं बांधलेलें आहे. त्यांनीं विटा एकमेकींस अगदीं घट्ट भिडवून बसविल्या, त्यांच्या सांध्यांत जिप्समचा चुना भरला, आणि एवढ्यानें समाधान न होऊन भिंतीच्या पाठीमागें नैसर्गिक डांबराचा थर दिला. पाणी वाट शोधल्यावांचून राहणार नाहीं हें गृहीत धरूनच त्यांनीं त्याच्या वाटेंत दुसरा अडसर उभा केला. पुढील काळांत साहित्य पालटलें, पण पाण्याचा स्वभाव पालटलेला नाहीं.

घरामागचा खासगी तलाव ही मात्र त्या मानानें अलीकडची गोष्ट. तिचें माहेर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांत म्हणावयास हरकत नाहीं. उद्यानरचनाकार टॉमस चर्च यांनीं १९४८ सालीं तेथील सोनोमा भागांत डॉनेल कुटुंबाच्या बागेसाठीं घेवड्याच्या दाण्यासारखा वळणदार तलाव आंखला, आणि त्याची कीर्ति दूरवर पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर लोखंडी सळयांच्या जाळीवर दाबानें काँक्रीट फवारून तलाव घडविण्याची पद्धति तेथें रूढ झाली, आणि मध्यम स्थितींतील कुटुंबांनाहि असा तलाव परवडूं लागला. आज अमेरिकेंत स्थायिक झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांच्या घरामागें तो आहे. आणि इकडे लोणावळें, कर्जत, अलिबाग या बाजूंस मुंबई-पुण्याच्या सुखवस्तु लोकांनीं जीं सुटीचीं घरें बांधलीं, त्यांच्या अंगणांतहि तो येऊन बसला आहे. जमीन निराळी, हवा निराळी; परंतु तलावाची अंतर्रचना दोन्हीकडे सारखीच, आणि म्हणून त्याच्या गळतीचा न्यायहि सारखाच.

मोहेंजोदडोचें कुंड हें एक मोठें भांडें होतें. आजच्या तलावाला भांड्याबरोबर रक्ताभिसरणहि आहे. पाण्याच्या कडेपाशीं भिंतींत एक चौकोनी तोंड असतें; वर तरंगणारा पालापाचोळा ओढून घेणाऱ्या या तोंडाला स्किमर म्हणतात. स्किमर आणि तळाची जाळी यांवाटे पाणी पंपाकडे ओढलें जातें. पंप तें वाळूनें भरलेल्या फिल्टरमध्यें ढकलतो, आणि गाळलेलें पाणी भिंतींतील लहान तोंडांवाटे पुन्हां तलावांत येतें. पंपाच्या अलीकडचे नळ ते ओढीचे, आणि पलीकडचे ते दाबाचे. हा भेद नीट ध्यानांत ठेवावा. कारण पुढील सगळ्या तपासाची किल्ली त्यांतच आहे. हे नळ बहुधा पीव्हीसीचे असतात, आणि त्यांत एल्बो, टी, युनियन, व्हॉल्व्ह असे कित्येक सांधे असतात. सलग नळ सहसा दगा देत नाहीं; पाणी जातें तें बहुतकरून सांध्यांतून.

एवढ्याशा गळतीनें काय होणार, असें वाटणें स्वाभाविक आहे. म्हणून थोडा हिशेब मांडून पाहावा. १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा तलाव घेतला, तर पाण्याचा पृष्ठभाग ५० चौरस मीटर होतो. त्यावरील एक मिलिमीटर पाणी म्हणजे ५० लिटर. दोन नाणीं एकावर एक ठेवलीं असतां जेवढी जाडी होते तेवढें, म्हणजे सुमारें तीन मिलिमीटर पाणी गळतीनें रोज जात असेल, तर दिवसाचे १५० लिटर झाले. भारतांतील शहरांच्या पाणीयोजना आंखतांना दर माणशीं दर दिवशीं १३५ लिटर हें प्रमाण धरतात. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्यें खेड्यांतील माणसासाठीं ५५ लिटर धरले आहेत. अर्थात् दोन नाण्यांच्या जाडीची ही गळती एका शहरवासीयाचें सबंध दिवसाचें, किंवा जवळजवळ तीन ग्रामस्थांचें पाणी रोज मातींत मुरवीत असते. वैशाखांत जेथें खालच्या वाडीला टँकरची वाट पाहत बसावें लागतें, तेथें वरच्या बंगल्यांतील गळती ही त्या बंगल्याची खासगी बाब राहत नाहीं.

शिवाय हें पाणी जमिनींत शिरल्यावर स्वस्थ बसत नाहीं. माती ढिली असेल तर तिचे बारीक कण तें वाहून नेतें, खालीं पोकळी होते आणि वरची फरशी खचते. देशावरची काळी जमीन असेल तर ती ओलाव्यानें फुगते व वाळली कीं आक्रसते, आणि या ओढाताणींत पुरलेला नळ आणखी एखाद्या ठिकाणीं मोडतो. एका गळतींतून दुसरी जन्मास येते ती अशी.

तेव्हां पहिला प्रश्न असा कीं, तलाव गळतो आहे कीं त्याची नुसती वाफ होते आहे? उघड्या पाण्याची वाफ व्हावयाचीच. सौम्य हवेंत दिवसाला तीन ते सहा मिलिमीटर पाणी त्या वाटेनें जातें. कोरडी हवा आणि वारा असेल तर त्याहूनहि अधिक. म्हणजे बाष्पीभवन आणि लहानशी गळती यांचें माप एकच पडतें, आणि नुसत्या डोळ्यांनीं पाहून त्यांचा भेद करितां येत नाहीं. त्यासाठीं जी युक्ति आहे ती फार साधी आहे. एक बादली घ्यावी, ती तलावाच्याच पाण्यानें भरावी, आणि तलावाच्या पायरीवर अशी ठेवावी कीं तिचा बहुतेक भाग पाण्यांत राहील. ती हलूं नये म्हणून तींत एक दगड टाकावा. बादलींतल्या पाण्याची पातळी आंतल्या अंगास आणि तलावाच्या पाण्याची पातळी बाहेरच्या अंगास, अशा दोन खुणा करून चोवीस तास स्वस्थ राहावें. पाणी आपोआप भरणारा तरंगता व्हॉल्व्ह असेल तर तेवढा वेळ तो बंद ठेवावा. कारण हा आज्ञाधारक नोकरच धन्याची गळती वर्षानुवर्षें झांकून ठेवीत असतो.

बादलींतल्या आणि तलावांतल्या पाण्यावर तेंच ऊन पडतें व तोच वारा वाहतो. आणि बादलीला भोंक नाहीं हें ठाऊक आहे. म्हणून दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर दोष उन्हावाऱ्याचा. तलावाची पातळी अधिक उतरली तर जेवढी अधिक तेवढी गळती. मध्येंच पाऊस पडला किंवा मुलांनीं पाण्यांत उड्या घेतल्या, तर तो प्रयोग बाद समजून पुन्हां करावा.

गळती आहे असें ठरलें, कीं हाच प्रयोग दोनदां करावा. एक दिवस पंप चालू ठेवून आणि एक दिवस बंद ठेवून. दाबाच्या नळांतून पंप पाणी जोरानें ढकलीत असतो. तेथें चीर असेल तर पंप चालू असतांना गळती वाढते. ओढीच्या नळाची गोष्ट याच्या उलट. पंप चालू असतांना त्या नळांतील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो, आणि चिरेंतून पाणी बाहेर पडण्याऐवजीं हवाच आंत खेंचली जाते. पंप थांबला, कीं जमिनींतील त्या चिरेवर तलावाच्या पाण्याचा भार येतो आणि ती गळूं लागते. म्हणून पंप चालू असतांना अधिक पाणी गेलें तर दाबाच्या बाजूस पाहावें. बंद असतांना अधिक गेलें तर ओढीच्या बाजूस पाहावें. आणि दोन्ही दिवशीं सारखेंच गेलें तर नळ तूर्त सोडून तलावाची भिंत, स्किमरची मान आणि पाण्यांतील दिव्याची खोबण यांकडे वळावें. एक बादली आणि दोन दिवस, एवढ्या भांडवलावर शोधाचें क्षेत्र एकतृतीयांशावर येतें. जो गृहस्थ हे दोन दिवस धीर धरीत नाहीं व पहिल्याच संशयानें कुदळ लावतो, त्याला बहुधा फरशी फोडल्यावर कोरडी माती पाहावयास मिळते.

यानंतर पंपाच्या खोलींत जावें. पुष्कळदां तेथें जमिनीवर एक ओला डाग असतो, वरच्या सांध्याला एक थेंब लोंबत असतो, आणि चोर सांपडला असें समजून तपास तेथेंच थांबतो. परंतु चोर सांपडला तरी चोरीस गेलेला ऐवज त्याच्याजवळ भरतो काय, हें पाहिलें पाहिजे. सेकंदाला एक थेंब टाकणारा सांधा दिवसाला ८६,४०० थेंब टाकतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर हें पाणी सुमारें सव्वाचार लिटर होतें. वरच्या हिशेबांतला तलाव तर रोज १५० लिटर गमावीत आहे, म्हणजे मिनिटाला शंभर मिलिलिटरांहून थोडें अधिक. सांध्याखालीं पेला धरून घड्याळाकडे पाहिलें, कीं न्याय होतो. मिनिटाभरांत अर्धा पेला भरला तर तीच गळती. चमचाभरहि पाणी जमलें नाहीं, तर हाताला लागलेला हा भुरटा चोर आहे आणि दरोडेखोर अजून मोकळाच आहे. दोघांचाहि बंदोबस्त करावयाचा आहे. परंतु एकाचा गुन्हा दुसऱ्यावर लादून खटला निकालांत काढूं नये.

मोठी गळती पुष्कळदां अशा ठिकाणीं असते कीं जेथें ओल दिसतच नाहीं. वाळूच्या फिल्टरला मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह जोडलेला असतो. त्याची मूठ एकीकडे वळविली कीं पाणी तलावाकडे जातें, आणि दुसरीकडे वळविली कीं वाळू धुऊन निघालेलें गढूळ पाणी गटाराकडे जातें. या व्हॉल्व्हच्या पोटांतील चक्राकार रबर झिजलें, म्हणजे मूठ तलावाकडे असतांहि कांहीं पाणी गटाराच्या नळानें निसटत राहतें. सांधे कोरडे, जमीन कोरडी, आणि पाणी मात्र जातच आहे, असें कोडें पडलें कीं त्या नळाचें तोंड पाहावें. गाळण्याचें काम चालू असतांना तें कोरडें असलें पाहिजे. दुसरी जागा स्किमरची मान. प्लास्टिकचा स्किमर आणि काँक्रीटची भिंत हीं ऊन-थंडीनें सारखीं फुगत नाहींत, आणि त्यांच्यामध्यें केसाएवढी फट पडते. तिसरी जागा पंपाच्या दांड्यावरचें सील. तें गेलें असतां पंप व मोटर यांच्या जोडाखालीं थेंब पडूं लागतात.

पाणी स्वतःहि कांहीं सांगत असतें. पंप बंद ठेवून तें कोठवर उतरतें व कोठें थांबतें हें पाहावें. भोंकाच्या खालीं पाणी गळूं शकत नाहीं, हा अगदीं साधा न्याय आहे. पातळी स्किमरच्या तोंडाच्या खालच्या कडेशीं येऊन थांबली तर दोष स्किमरचा किंवा त्याच्या नळाचा. परतीच्या तोंडांपाशीं थांबली तर त्या नळाचा. दिव्यापाशीं थांबली तर दिव्याच्या खोबणीचा. फुटलेला नळ जमिनींत खोल असला तरी पाणी थांबतें तें त्या नळाच्या तलावांतील तोंडाशीं, कारण तें तोंड उघडें पडलें कीं नळाला पुढें पाणी मिळत नाहीं. पातळी स्किमरच्या खालीं गेल्यावर मात्र त्या मार्गानें पंप चालवूं नये. कोरडा फिरणारा पंप तापतो व स्वतःसह जवळच्या सांध्यांचा नाश करितो.

नेमकी जागा दाखविण्याचीं साधनें घरांतच सांपडतात. ओढीच्या बाजूस चीर असेल तर पंपाच्या पारदर्शक झांकणाखालीं हवा दिसते आणि परतीच्या तोंडांतून बुडबुडे येतात. संशयित सांध्यांना दाढीच्या साबणाचा फेस लावावा. पंप चालू असतांना जेथें फेस आंत ओढला जाऊन खळगा पडतो, तेथें चीर आहे. तलावाच्या भिंतीवरील फटीसाठीं खाण्याचा रंग वापरावा. पंप बंद करून पाणी अगदीं स्थिर होऊं द्यावें आणि पिचकारीनें रंगाचा थोडा अंश फटीजवळ सोडावा. रंग धुरासारखा जागच्या जागीं रेंगाळला तर ती फट निर्दोष. तो सुतासारखा आंत खेंचला गेला तर पाण्याची वाट तीच.

दोष सांपडल्यावर हत्यार उचलण्यापूर्वीं दोन गोष्टी केल्याच पाहिजेत. पहिली विजेची. पंपाचें नुसतें बटन बंद करून भागत नाहीं. मुख्य फलकावरील त्याचा खटका खालीं पाडावा, आणि घरांतील दुसऱ्या कोणी तो वर करूं नये म्हणून तेथें चिठ्ठी लावावी. पंपाचें अर्थिंग नीट आहे कीं नाहीं, व विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसविलेला आहे कीं नाहीं, हेंहि वायरमनकडून तपासून घ्यावें. कारण पाण्याची गळती पैसा घेते, विजेची गळती प्राण घेते. दुसरी गोष्ट दाबाची. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करावे आणि फिल्टरवरील हवेची कळ सैल करून आंतला दाब जाऊं द्यावा. दाबाखालीं असलेल्या फिल्टरचें झांकण सैल केलें तर तें उडून जबर इजा होऊं शकते.

दुरुस्तीचे प्रकार मुख्यतः तीन. युनियनमधून पाणी येत असेल तर काम सर्वांत सोपें. युनियन उलगडावा, आंतली ओ-रिंग काढावी, खोबण फडक्यानें स्वच्छ पुसावी आणि त्याच मापाची नवी ओ-रिंग सिलिकोनचें वंगण लावून बसवावी. खनिज तेलाचें वंगण कांहीं रबरांना फुगवितें, म्हणून तें टाळावें. युनियन हातानेंच आवळावा.

आंट्यांचा सांधा गळत असेल, आणि पंपाच्या तोंडाशीं तोच पुष्कळदां गळतो, तर तो उघडून आंटे पाहावेत. पंप कधीं कोरडा फिरलेला असेल तर आंतील पाणी तापून प्लास्टिकचे आंटे मऊ पडतात व आकसतात. असा तुकडा पुन्हां उपयोगी नाहीं, तो बदलावाच लागतो. आंटे चांगले असतील तर त्यांवरील जुनी टेप खरवडून काढून टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे आंट्यांच्या दिशेनें द्यावे व सांधा बेतानें आवळावा. लोखंडी नळावर जोर करण्याची संवय असलेला हात येथें घात करितो. जास्त आवळल्यानें बाहेरचा प्लास्टिकचा तुकडा उभा चिरतो, आणि थेंबाच्या जागीं धार लागते.

तिसरा प्रकार चिकटविलेल्या सांध्याचा किंवा चिरलेल्या नळाचा. येथें मोह होतो तो वरून कांहींतरी थापण्याचा. दोन भाग मळून तयार होणारा लेप बाजारांत मिळतो, तो बोटानें दाबला कीं थेंब थांबतो, आणि काम झालेंसें वाटतें. परंतु दाबाच्या नळांत पाणी त्या लेपाला आंतून सतत बाहेर ढकलीत असतें. लेप ओल्या किंवा मळक्या पृष्ठभागावर बसलेला असेल तर तो कांहीं दिवसांत सुटतो. पाहुणे आले आहेत व सोमवारपर्यंत निभावून न्यावयाचें आहे, एवढ्यापुरता तो ठीक. कायमचा उपाय म्हणजे दोषी भाग कापून काढून तेथें नवा तुकडा घालणें.

या कामांत वापरावयाच्या सॉल्व्हंट सिमेंटला लोक सहज डिंक समजतात. पण डिंकाची आणि त्याची जात वेगळी आहे. डिंक दोन वस्तूंच्या मध्यें बसून दोघींना धरून ठेवतो. सॉल्व्हंट सिमेंट दोन्ही प्लास्टिकांचा वरचा पातळ थर विरघळवितें; ते मऊ झालेले थर एकमेकांत मिसळतात, आणि द्रावक उडून गेल्यावर नळ व सांधा मिळून एकजीव वस्तु होते. एवढें समजलें कीं कृतीचे सगळे नियम आपोआप समजतात. नळ काटकोनांत सरळ कापावा, म्हणजे तो सांध्यांत पूर्ण खोल बसेल. कापलेल्या कडेचे कंगोरे घांसून काढावेत, नाहींतर ते सिमेंट खरडून पुढें ढकलतात. सर्व तुकडे अगोदर कोरडेच जुळवून पाहावेत व पेन्सिलीनें खुणा कराव्यात, कारण सिमेंट लागल्यावर विचार करण्यास अवधि नाहीं. दोन्ही पृष्ठभाग कोरडे ठणठणीत असावेत. ओला थर नीट विरघळत नाहीं, आणि जेथें मिसळ झाली नाहीं तेथें उद्यांची गळती आजच ठेविली असें समजावें. नळाच्या बाहेरून आणि सांध्याच्या आंतून सिमेंट लावून नळ पाव वेढा फिरवीत शेवटपर्यंत सारावा, आणि अर्धा मिनिट तसाच दाबून धरावा. नाहींतर तो हळूच मागें सरकतो. या द्रावकाची वाफ श्वासाला वाईट व पेट घेणारी आहे, म्हणून खोलीचीं दारें-खिडक्या उघडीं ठेवावीं आणि जवळ विडी-काडी नसावी.

यापुढचें काम हाताला कांहीं नसतें, आणि म्हणूनच तें पुष्कळांकडून बिघडतें. जोड पांच मिनिटांत घट्ट लागतो, पण आंतला द्रावक अजून उडालेला नसतो. डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा. शक्य असेल तर पुरे चोवीस तास जाऊं द्यावे. पंप सुरू करतांना हवेची कळ उघडी ठेवावी, व्हॉल्व्ह सावकाश सोडावे, आणि कोरडा कागद सांध्याभोंवतीं फिरवून पाहावा. डोळ्याला न दिसणारी ओल कागदावर उमटते. आणि शेवटीं पुन्हां बादली. ज्या मापानें रोग सिद्ध केला त्याच मापानें तो बरा झाल्याचें सिद्ध करावें. तलावाची व बादलीची पातळी बरोबरीनें उतरली म्हणजे काम झालें. तोंपर्यंत कारागिरानें आणि यजमानानें दोघांनींहि घाई करूं नये.

एक धोका मात्र स्वतंत्रपणें सांगितला पाहिजे. गळती लवकर सांपडावी म्हणून सगळा तलाव रिकामा करण्याची कल्पना अनेकांना सुचते. नळाच्या लहानशा दुरुस्तीसाठीं त्याची गरज नसते. आणि पावसाळ्यांत किंवा पावसाळा नुकताच संपला असतां तें कृत्य घातक ठरूं शकतें. त्या दिवसांत जमिनींतील पाण्याची पातळी वर आलेली असते. भरलेल्या तलावांतील पाण्याचें वजन काँक्रीटच्या कवचाला खालीं दाबून धरतें. तें वजन काढून घेतलें कीं खालचें पाणी त्या कवचाला नावेप्रमाणें वर उचलूं पाहतें. ५० चौरस मीटरांच्या सपाट तळाभोंवतीं भूजल एक मीटर उंच उभें असेल, तर वर ढकलणारा जोर सुमारें ५० टनांचा होतो. अशानें रिकामे तलाव तडकतात, जागचे हलतात, क्वचित् जमिनीबाहेर डोकें काढतात. कोंकणांत व घाटमाथ्यावर, जेथें श्रावण-भाद्रपदांत जमीन पाण्यानें तुडुंब असते, तेथें तर जाणकाराच्या सल्ल्यावांचून तलाव उपसूंच नये.

घरच्या हातांची मर्यादाहि ओळखावी. पंपाच्या खोलींतील सांधा, युनियन, व्हॉल्व्हचें रबर, स्किमरची लहानशी फट हीं कामें नीट हातांनीं होतात. परंतु बादलीनें जमिनीखालील नळाकडे बोट दाखविलें तर तें काम जाणत्या माणसाचें. तो त्या नळाचीं तोंडें बुचांनीं बंद करून त्यांत दाब भरतो, दाब टिकतो कीं उतरतो हें मापकावर पाहतो, आणि जमिनीला कान लावणाऱ्या यंत्रानें निसटत्या पाण्याचा आवाज ऐकून फरशीचा नेमका चौकोन दाखवितो. त्याला बोलावतांनाहि यजमानाच्या हातीं पंप चालू व पंप बंद असे दोन्ही आंकडे असले, तर तो पहिल्याच दिवशीं योग्य नळापाशीं जातो.

म्हणून तलावाजवळ एक वही असावी. वर्षांतून दोनदां, पावसाळा सरल्यावर व उन्हाळा लागतांना, बादलीचा प्रयोग करून तारीख आणि मिलिमीटर तींत लिहावे. यंदाचा आंकडा गतवर्षाहून वाढलेला दिसला, तर फरशी खचण्याची किंवा पाण्याच्या बिलानें दचकण्याची वाट पाहावी लागत नाहीं. गळती लहान असतांच तिच्यावर हात पडतो, आणि लहान गळतीला एक ओ-रिंग व एक सकाळ पुरते.